उतारावरून काढलेले ‘७० कोटी अंश’

संपादक महोदय,

सूक्ष्मलहरींवर चालणाऱ्या आयन स्रोतांविषयी (विद्युतभारित अणू, म्हणजे आयन, तयार करणारी यंत्रे) आपल्या विज्ञान पुरवणीत आलेल्या लेखात, क्ष-किरणांवरून प्लाझ्मातील (आयन व सुट्या इलेक्ट्रॉनांच्या वायूतील) इलेक्ट्रॉनांचे तापमान ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे ७० कोटी अंश निघाले, असे म्हटले आहे. रूपांतर चुकलेले नाही. १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचे एकक) म्हणजे सुमारे १.१६ कोटी केल्विन, तेव्हा ६० चे जवळपास ७० कोटी होतात. पण ते ६० कसे आले, हे सांगितल्याशिवाय आकड्याला फारसा अर्थ नाही.

या स्रोतांत इलेक्ट्रॉन तापतात ते अनुनादाच्या पृष्ठभागावर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात त्यांच्या फिरण्याची वारंवारता सूक्ष्मलहरींशी जुळते तिथे: १४ गिगाहर्ट्झला ०.५ टेस्ला, २८ ला १ टेस्ला. तिथून जाताना कुणाला जास्त ऊर्जा मिळते, कुणाला कमी. त्यामुळे काही इलेक्ट्रॉन दहा-वीस इलेक्ट्रॉनव्होल्टचे, काही चार-पाच किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे, तर काही शेकडो किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत गेलेले असतात. सगळ्यांचे मिळून एक तापमान नसतेच. शिवाय क्ष-किरण मोजायला नेहमी वापरल्या जाणाऱ्या जर्मेनियम डिटेक्टरला दिसतात ते मुख्यतः शेवटचे. आयनीकरणाचे (अणूतून इलेक्ट्रॉन काढण्याचे) बरेचसे काम करणारे मधले इलेक्ट्रॉन डिटेक्टरसमोरच्या खिडकीच्या धातूतच अडकणारे मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे क्ष-किरण सोडतात. त्यांच्यासाठी पातळ बेरिलियम खिडकीचा सिलिकॉन ड्रिफ्ट डिटेक्टर लागतो.

मोजणीची रीत दिसायला सोपी आहे. ठरलेल्या ऊर्जेचे किरण देणारे अमेरिशियम-२४१ (५९.५), कोबाल्ट-५७ (१२२) आणि बेरियम-१३३ (३५६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) वापरून ऊर्जेची पट्टी व कार्यक्षमता ठरवायची, वर्णपट (कोणत्या ऊर्जेचे किती फोटॉन आले, याचा आलेख) लॉग अक्षावर मांडायचा आणि सरळ भागाचा उतार काढायचा. गफलत इथेच होते. तापमान दाखवणारा उतार उत्सर्जित ऊर्जेच्या वक्राचा असतो, फोटॉनांच्या संख्येचा नव्हे. प्रत्येक चॅनलची (ऊर्जेच्या छोट्या कप्प्याची) संख्या त्याच्या ऊर्जेने गुणायला विसरलात, तर खऱ्या ६० च्या जागी १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास ३७-३८ च मिळतात. आणि त्याच वर्णपटावर ३० ते ६० ऐवजी १०० ते २०० चा पट्टा निवडला, की आकडा पुन्हा बदलतो.

स्पंद (प्रत्येक फोटॉनमुळे डिटेक्टरमध्ये उठणारे विद्युत संकेत) एकमेकांवर चढणे ही दुसरी डोकेदुखी. ४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन फोटॉन एकाच वेळी आले तर डिटेक्टर ८० चा एक नोंदवतो, आणि वर्णपटाची शेपटी खोटी लांबते. सेकंदाला १०,००० स्पंद आणि ६ मायक्रोसेकंदांचा विभेदन काळ (दोन स्पंद वेगळे ओळखायला लागणारे किमान अंतर) असेल, तर साधारण ६ टक्के स्पंद बिघडतात. उपाय म्हणून सूक्ष्मलहरींची शक्ती कमी करू नये, त्याने प्लाझ्माच बदलतो. कॉलिमेटरचे (डिटेक्टरपुढे किरणांची अरुंद शलाका निवडणाऱ्या ठोकळ्याचे) छिद्र १ मिलिमीटरपर्यंत आणावे किंवा डिटेक्टर मागे सरकवावा.

कॉलिमेटर शिशाचा असेल तर वर्णपटात ७३ ते ८५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या दरम्यान शिशाच्याच रेषा उगवतात. आत कथील आणि तांब्याचे अस्तर दिले की त्या दबतात. पार्श्वभूमीही प्लाझ्मा बंद ठेवून मोजणे पुरेसे नाही. प्लाझ्मा चालू ठेवून छिद्रात शिशाचे बूच बसवून घेतलेला वर्णपट वजा केला, तरच आजूबाजूच्या भिंतींवरून विखुरून छिद्राबाहेरून आलेले फोटॉन जातात.

तरीही दृष्टिरेषेच्या टोकाला धातूची भिंत असेल, तर तिच्यावर आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे क्ष-किरण प्लाझ्माच्या नावावर जमा होतात. अशा जाड लक्ष्याच्या (इलेक्ट्रॉन आत पूर्ण थांबतात अशा धातूच्या) वर्णपटाचा आकार विरळ प्लाझ्मासारखा नसतो. अक्षाच्या दिशेने पाहिले तर इलेक्ट्रॉनांना रोखून धरणाऱ्या चुंबकीय सापळ्यातून निसटून टोकाच्या धातूवर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची भेसळ फार. त्रिज्येच्या दिशेने, प्लाझ्माभोवतीच्या षट्ध्रुवी (सहा ध्रुवांच्या) चुंबकाच्या फटीतून पाहिले तर कमी, पण समोरची भिंत तिथेही असते. वेगवान इलेक्ट्रॉन पुढच्या दिशेला जास्त किरण सोडतात, त्यामुळेही दोन बाजूंचे आकडे जुळत नाहीत.

एवढे करूनही हाती येते त्याला आम्ही ‘वर्णपटीय तापमान’ म्हणतो. ते निरुपयोगी अजिबात नाही. एकाच स्रोतावर, त्याच पट्ट्यात, त्याच दिशेने मोजले तर तुलना पक्की होते. अमेरिकेतील बर्कले येथील ‘व्हीनस’ या आयन स्रोतावर हा आकडा मुख्यतः चुंबकीय सापळ्यातील किमान क्षेत्रावर अवलंबून असल्याचे अशाच तुलनेतून दिसले. अतिवाहक चुंबक असलेल्या स्रोतांत हे कामाचे ठरते, कारण कठीण (जास्त ऊर्जेचे) क्ष-किरण चुंबक थंड ठेवणाऱ्या ४.२ केल्विनच्या हेलियमपर्यंत पोचून ते तापवतात. लेखात ऊर्जेचा पट्टा आणि पाहण्याची दिशा दिली असती, तर ६० हा आकडा वाचकाला पारखता आला असता.

– प्लाझ्मा-मापनाच्या क्षेत्रातील दोन वाचक