लोहाराची आडनावं

लियॉन,
११ नोव्हेंबर

प्रिय वैजू,

तुझं पाकीट पोचलं. कुलवृत्तांताची पानं दोन रात्री जागून वाचून काढली. त्याबद्दल लिहायचंच आहे, पण आधी आजचा दिवस सांगते, कारण तो तुझ्याच कामाशी येऊन भिडतो.

आज इथे सुट्टी. १९१८ साली याच दिवशी पहिलं महायुद्ध थांबलं, म्हणून गावोगावच्या स्मारकापाशी माणसं जमतात. मी शेजारच्या मादामबरोबर तिच्या माहेरच्या खेड्यात गेले होते. गाव आपल्या वाडीपेक्षा फार मोठं नाही. चौकात दगडी खांब, त्यावर कोरलेली नावं, आडनाव आधी आणि नाव नंतर. शाळेतली एक मुलगी एकेक नाव वाचत होती आणि प्रत्येक नावानंतर सगळे म्हणत होते, ‘मॉर पूर ला फ्रांस’, म्हणजे फ्रान्ससाठी मेला. ‘फाव्र’ हे आडनाव चार वेळा आलं. चौथ्या वेळी मादामने माझा दंड घट्ट धरला. ती माहेरची फाव्र.

फाव्र म्हणजे लोहार. लॅटिनमधल्या ‘फाबेर’वरून आलेलं. पण गंमत बघ, हेच आडनाव उत्तरेकडे ‘लफेव्र’ होतं, दक्षिणेत ‘फाब्र’ किंवा ‘फोर’, आणि आमच्या लियॉन-साव्हॉय भागात ‘फाव्र’. फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या ब्रिटनी प्रांतात गेलीस तर लोहाराचा ‘ल गॉफ’ होतो, कारण तिथली ब्रेतों भाषा फ्रेंचच्या कुळातलीच नाही. जर्मनीला लागून असलेल्या आल्सासमध्ये तोच ‘श्मिट’. आडनावं रुळली ती साधारण अकराव्या-बाराव्या शतकापासून पुढे. तेव्हा देशभर एक फ्रेंच भाषा नव्हतीच. जो तो आपल्या बोलीत शेजाऱ्याला हाक मारत होता आणि ती हाकच पुढे वंशाला चिकटली. म्हणून नुसतं आडनाव ऐकून मादाम सांगते, ‘हे मूळचे आमच्या बाजूचे नव्हेत.’

लफेव्र लिहायची एक तऱ्हा आहे, ती तुला आवडेल. अनेक जण त्यात मधे एक ‘ब’ लिहितात, पण उच्चारत नाहीत. जुन्या लेखनिकांना शब्द लॅटिनमधून आलाय हे दाखवायची हौस होती, म्हणून त्यांनी तो घुसवला. त्या काळी ‘यू’ आणि ‘व्ही’ ही अक्षरं वेगळी मानत नसत. त्यामुळे पुढच्या कुणीतरी ते नाव चुकीचं वाचलं आणि ‘लफेब्यूर’ नावाचं वेगळंच आडनाव जन्माला आलं. आज त्या आडनावाची खरीखुरी माणसं आहेत.

हे सगळं कागदावर आलं ते राजा पहिला फ्रान्स्वा याच्या १५३९ च्या व्हिलेर-कोत्रे इथल्या फर्मानामुळे. प्रत्येक चर्चने बाप्तिस्म्यांची नोंद ठेवायची, असा हुकूम निघाला. लग्नं आणि मृत्यू लिहिणं १५७९ च्या फर्मानाने सक्तीचं झालं. त्या वह्यांची छायाचित्रं आता घरबसल्या पाहता येतात. मादाम आणि मी रविवारी दुपारी तेच करत बसतो. पाद्र्याने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, एकाच माणसाचं आडनाव बाप्तिस्म्याला एक आणि लग्नाला दुसरं. नोंदीच्या शेवटी पुष्कळदा ‘सही करता येत नाही असे सांगितले’ असं वाक्य असतं. ते वाचलं की थांबायला होतं. आपलं नाव कसं लिहिलंय हे त्या माणसाला कधीच कळलं नाही.

आजचा दिवस संत मार्तँचाही. हा चौथ्या शतकातला रोमन सैनिक. आमियाँच्या वेशीपाशी थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने आपली शाल तलवारीने कापून अर्धी दिली, अशी कथा आहे. पुढे तो तूरचा बिशप झाला, लोकांनी मुलांना त्याचं नाव ठेवलं, आणि आज ‘मार्तँ’ हे फ्रान्समधलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव आहे. ती शाल ठेवली त्या देवघराला ‘शापेल’ म्हणू लागले, चॅपल हा शब्द तिथूनच आला.

बाकी तऱ्हा आपल्यासारख्याच. रानाजवळ राहणारा द्युब्वा, पुलाजवळचा द्युपाँ. ज्यूल व्हर्नचं आडनाव पाणथळ जागी वाढणाऱ्या एका झाडाचं आहे, आणि तो शब्द रोमनांच्याही आधीच्या गॉल भाषेतला. रूसो म्हणजे तांबड्या केसांचा, पती म्हणजे बुटका. ‘लरुआ’ म्हणजे राजा, पण त्यांच्या पूर्वजांनी राज्य केलेलं नसतं. राजासारखी ऐट असेल, नाहीतर जत्रेत एका दिवसाचा राजा झाला असेल. फूर्निए मात्र माझं लाडकं. हा गावच्या भट्टीवरचा माणूस. जमीनदाराची एकच भट्टी असे, सगळ्यांनी तिथेच पाव भाजायचा आणि त्याचा मोबदला द्यायचा. घरी भट्टी लावायची सोय नव्हती. फूर्निए म्हटलं की त्या भट्टीपुढची रांग मला दिसते.

आणि एक धागा थेट गोव्याला पोचतो. बास्क भाषेत ‘एचे’ म्हणजे घर, ‘बेरी’ म्हणजे नवं. फ्रान्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात एचेव्हेरी आडनावाची माणसं भरपूर आहेत, आपल्याकडच्या नवघऱ्यांसारखी. सीमेपलीकडे स्पेनमधल्या नाव्हारमध्ये त्याच शब्दाचं झिजून ‘झेवियर’ झालं, एका गढीचं नाव. त्या गढीत १५०६ साली जन्मलेला फ्रान्सिस १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात उतरला. मुंबईत आपण पाच वर्षं त्याच्या नावाच्या कॉलेजात गेलो, आणि त्याचा अर्थ ‘नवं घर’ हे मला पन्नाशीनंतर कळलं.

सगळीच नावं शेजाऱ्यांनी मायेने दिलेली नाहीत. १७१७ साली पॅरिसमध्ये सँ-जाँ-ल-राँ चर्चच्या पायरीवर एक तान्हं बाळ सापडलं. त्याला त्या चर्चचंच नाव दिलं, जाँ ल राँ. तोच पुढे गणिती दालांबेर झाला. आणि मार्तिनिक-ग्वादलूप या कॅरिबियन समुद्रातल्या फ्रेंच बेटांची गोष्ट तर सांगतानाही जड जाते. २७ एप्रिल १८४८ ला गुलामगिरी रद्द झाली, तोवर त्या माणसांना आडनावच नव्हतं, होतं ते एक नाव आणि वहीतला क्रमांक. मग कारकून बसले आणि हजारोंना आडनावं देत सुटले. मालकाचं आडनाव द्यायचं नाही असं ठरलेलं, म्हणून अक्षरं उलटीपालटी करून, रोमन इतिहासातून, झाडाझुडपांवरून नावं काढली. एका सकाळी रांगेत उभं राहून मिळालेलं आडनाव आज त्यांची पतवंडं लावतात.

आता मूळ मुद्दा, वैजू. इथल्या जुन्या वह्यांमध्ये बाई मरेपर्यंत माहेरच्याच आडनावाने असते. लग्न, मुलांचे बाप्तिस्मे, तिचा स्वतःचा मृत्यू, सगळीकडे तेच. १७९४ च्या कायद्याने तर जन्मनोंदीतल्या नावाखेरीज दुसरं नाव लावायलाच बंदी केली. व्यवहारात बायका नवऱ्याचं आडनाव लावतात, मादामही लावते, पण सरकारी दप्तरात ती आजही फाव्रच. मुलांना मात्र बापाचंच आडनाव लागायचं. २००५ पासून आईचंही देता येतं, आणि २०२२ च्या जुलैपासून सज्ञान माणसाला नगरपालिकेत एक अर्ज भरून आईचं आडनाव घेता येतं. बायकांची नोंद जपल्यामुळेच मादामला तिच्या आईची आई, तिची आई अशी सात पिढ्या मागे जाता आली. मी शेजारी बसून बघत होते.

तुझ्या पानांत मोठ्या आजीपाशी आले तर तिथे फक्त ‘सौ. लक्ष्मीबाई’. ते नाव तर लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं. त्याआधी तिला काय म्हणत होते? कुणाची मुलगी, कुठल्या गावची? तू तीनशे वर्षांचे पुरुष इतक्या कष्टाने शोधलेस, पंचायतीतल्या कागदांवरची धूळ झटकलीस, आणि आपण जिच्या मांडीवर झोपलो तिचं नाव आपल्यापाशी नाही. हा दोष मी तुझ्यावर ठेवत नाही. मीही तिला कधी विचारलं नाही.

माई अत्यांना आठवत असेल. त्यांची स्मृती अजून शाबूत आहे असं तूच लिहिलंयस. दिवाळीची गडबड सरली आहे, तर लांज्याला जाऊन ये. त्यांना थेट विचारू नकोस, गोंधळतील. आजीच्या माहेरून आंब्याच्या पेट्या यायच्या त्या कुठून यायच्या, तिथून सुरुवात कर. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरव, शुद्ध करू नकोस. आणि छापायला देण्याआधी मला कळव.

तुझी,
अनघा