लेव्हिसुकससाठी नोकरी सोडली

प्रिय आई आणि बाबा,

शि. सा. नमस्कार.

फोनवर हे सांगायला घेतलं की आई "जेवलीस का" विचारते, बाबा टीव्हीचा आवाज कमी करायला उठतात आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून लिहितेय. लेव्हिसुकस नावाच्या एका डायनासोरचा अभ्यास करायला मी नोकरीचा राजीनामा दिलाय आणि तो मंजूरही झालाय. महिनाअखेरीस मोकळी होईन. दिवाळीला घरी आहेच. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पार पडलं की मग जबलपूर, आणि तिथून पुढे बराच काळ कोलकाता. संशोधनवृत्ती मिळालीय. पगाराच्या मानाने कमी आहे, पण माझं भागेल. बाबा, चष्मा काढून कपाळ चोळू नका. आधी सगळं वाचा, मग रागवा.

दादाच्या वेळी घरात काय झालं ते मी विसरलेली नाही. हे तसं नाही. मी देश सोडून चाललेली नाही, कुणावर रुसून तर मुळीच नाही. फ्लॅटचा शेवटचा हप्ता जाईपर्यंत थांबले होते, वर्षभराचा खर्च बाजूला टाकलाय, तुमच्या आरोग्यविम्याचे पैसे पुढच्या वर्षीचेही भरून ठेवलेत. एवढं सगळं लिहिण्याची गरज नव्हती, कळतंय मला. तरी लिहिलं.

आई, शरूआत्याला काय सांगायचं हा तुझा पहिला प्रश्न असणार. सांग, की मनू डायनासोरवर काम करते. ती हसेल, हसू दे. मोठा, डरकाळ्या फोडणारा प्राणी तिच्या डोळ्यासमोर येईल. माझा त्यातला नाही. लेव्हिसुकस इंडिकस म्हणून एक मांसाहारी प्राणी होता, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अंदाजे दोन मीटर, अंगाने हलका, दोन पायांवर धावणारा. जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवर मॅटली नावाच्या इंग्रज भूवैज्ञानिकाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास खोदकाम केलं, त्यातून बरीच हाडं निघाली. फॉन ह्यूने या जर्मन अभ्यासकाबरोबर त्याने १९३३ साली त्यांवर ग्रंथ काढला, त्यात या प्राण्याचं बारसं झालं. आधार काय, तर मानेचे तीन मणके आणि पाठीचा एक. पुढे त्यांतल्या बहुतेकांचा ठावठिकाणा कित्येक वर्षं लागत नव्हता.

बाबा, तुम्ही इथे थांबून म्हणणार, "चार मणक्यांसाठी नोकरी सोडलीस?" हो. त्या ग्रंथातली चित्रं मी इतक्यांदा पाहिलीत की डोळे मिटूनही काढता येतील. मानेचा मणका मुठीत सहज मावेल एवढा. वरचा काटा बुटका, जेमतेम उठलेला, आणि बाजूला पोकळ खळगे. पक्ष्यांच्या हाडांत फुप्फुसाला जोडलेल्या हवेच्या पिशव्या शिरतात ना, तशाच पिशव्यांच्या या जागा. ह्यूनेने त्याला उत्तरेकडच्या लहान मांसाहारी डायनासोरांच्या पंगतीत बसवलं होतं. मग १९८० साली अर्जेंटिनातून नोआसॉरस आणि २००१ मध्ये मादागास्करमधून मसियाकासॉरस पुढे आला, आणि आपल्याकडच्या मणक्यांचे खरे भाऊबंद सापडले. सगळे दक्षिणेकडच्या खंडांतले, जे कधीकाळी एकमेकांना चिकटून होते. मसियाकासॉरसचे खालच्या जबड्याचे पुढचे दात चक्क बाहेर झुकलेले होते. आपल्याचेही तसेच होते असं चित्रकार बिनधास्त काढतात, पण मणक्यावरून दात सांगता येत नाहीत. तिथेच हात आवरायचा असतो, आणि मला त्या आवरण्यातच गोडी वाटते.

कारण न आवरल्याने काय होतं याचं उदाहरण त्याच टेकडीवर आहे. मॅटलीने लॅमेटासॉरस नावाचा एक चिलखती डायनासोर उभा केला होता. पाठीवरच्या कवचाच्या चकत्या, कमरेचं हाड, पायाचं हाड, सगळं एकाचंच धरून. पुढच्यांनी तपासलं तर मांडवाबाहेरच्या चपलांसारखा प्रकार निघाला: कंबर आणि पाय मांसाहाऱ्याचे, चकत्या बहुधा लांब मानेच्या शाकाहाऱ्याच्या. तेव्हा कुठलं हाड कुणाचं हे मोजूनमापून ठरवायचं, तुलनेला मादागास्करचे नमुने घ्यायचे, आणि जेवढं हाड सांगेल तेवढंच लिहायचं. बँकेतली तुमची सगळी वर्षं याहून फार वेगळी होती का, बाबा? एक रुपयाचा फरक निघाला तर रात्री उशिरापर्यंत बसायचात.

आणि हे खूळ आलं कुठून? चंद्रपूरच्या बदलीत तुम्हीच मला वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला नेलं होतंत. मी तुमच्या शर्टाचे खिसे दगडांनी भरले आणि आईने धुवायला टाकताना ते न बघता भिजवले. आई, त्या पिसदुऱ्याच्या दगडांत, म्हणजे दगड झालेल्या प्राचीन शेणात, पुढे गवताचे अंश सापडले, भाताच्या जवळच्या गवताचेसुद्धा. तेव्हा तू "शी, टाकून दे ते" म्हणाली होतीस. मी एक टाकला नव्हता. आजही रात्री अंगात ताप असला की तुझा हात कपाळावर हवासा वाटतो, वयाचं काही चालत नाही त्यापुढे.

जबलपूरची काळजी नको. टेकडी शहरातच आहे, जंगलात नाही. खोली एका मराठी आजींच्या घरात आहे, त्यांच्याकडे वरण-भात रोज असतो. उन्हात टोपी घालीन, पाणी उकळून पिईन, एकटी कुठे जाणार नाही.

आता तुमचं. बाबा, ऑपरेशननंतर डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकून बादली उचलायची नाही, आणि थेंबांच्या वेळा आई सांगेल तशाच. रक्तदाबाची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून बंद करायची नाही. आई, स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढलंस तर मी तिकडून निघून येईन, खरंच. नहाणीत दांडा बसवायला माणूस शनिवारी येतोय, त्याला "नको, लागत नाही" सांगून परत पाठवू नका. पैसे दिलेत.

तुम्हाला विचारून ठरवलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात आणि मग रात्र रात्र जागला असतात. म्हणून आधी ठरवलं. रागवायचं असेल तर दिवाळीत समोरासमोर रागवा, मी चार दिवस तिथेच आहे.

तुमची,
मनू

ता. क. विम्याची पावती फ्रीजवरच्या बिस्किटांच्या डब्यात आहे. आई, तो डबा भंगारात देऊ नकोस.