'बर्ड रूल'वाला बर्ड कोण होता तेही सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या बजेट बिलावर तुमच्याकडे जो लेख आला त्यात 'बर्ड रूल'मुळे (बजेटच्या बिलात बजेटबाहेरचं काही घुसवू न देणारा नियम) सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, काही कलमं गळाली असं दोनदा लिहिलंय, पण हा बर्ड कोण यावर एक ओळ नाही. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लेख फिरला तर एकाने लगेच टाकलं, तो कू क्लक्स क्लॅनवाला (गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी दहशत माजवणारी संघटना) ना, दुसरा म्हणाला अरे इराक युद्धाला विरोध केलेला तो. दोन्ही खरं आहे, पण दोन्हीतून माणूस कळत नाही म्हणून हे लांबलचक पत्र.

रॉबर्ट बर्ड, वेस्ट व्हर्जिनियाचा डेमोक्रॅट. जानेवारी 1959 मध्ये सिनेटमध्ये गेला आणि 28 जून 2010 ला 92व्या वर्षी वारला तेव्हाही सिनेटरच होता, म्हणजे 51 वर्षं, तिथे एवढा कुणीच टिकलेला नाही. 1918 च्या फ्लूच्या साथीत आई गेली तेव्हा हा वर्षाचाही नव्हता, मग आत्याने आणि तिच्या नवऱ्याने कोळशाच्या खाणींच्या मुलखात वाढवलं, आडनावही त्यांचंच लागलं. पेट्रोल पंपावर काम, खाटीकखान्यात काम, युद्धाच्या काळात जहाजाच्या गोदीत वेल्डिंग, सगळं केलं. कॉलेजला पैसे नव्हते, त्यामुळे खासदार झाल्यावर रात्रीच्या वर्गांना बसून दहा वर्षांनी 1963 मध्ये कायद्याची डिग्री घेतली, त्या पदवीदानाला खुद्द राष्ट्राध्यक्ष केनेडी होते. मतं मागायला जाताना बरोबर फिडल (व्हायोलिनच) घेऊन जायचा आणि वाजवायचाही चांगलं.

आता क्लॅन. 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला हा नुसता सभासद नव्हता, त्याने स्वतः दीडशे लोक जमवून आपल्या भागात शाखा काढली आणि तिचा प्रमुख झाला. तरुणपणी चूक झाली म्हणून हे सोडून देणारे लोक मला पटत नाहीत, कारण वर्णभेदाला बंदी घालणारं 1964 चं नागरी हक्क विधेयक आलं तेव्हा तो 46 वर्षांचा होता, चांगला पिकलेला, आणि ते अडवायला 9 जूनच्या संध्याकाळी उभा राहून रात्रभर बोलत राहिला, 14 तासांहून जास्त. सकाळी तो खाली बसला आणि त्याच दिवशी 71 विरुद्ध 29 मतांनी सिनेटने चर्चा बंद केली, म्हणजे एवढं करून हरलाच. पुढच्या वर्षीच्या मतदान हक्काच्या कायद्यालाही विरोध, आणि 1967 मध्ये थरगुड मार्शल सुप्रीम कोर्टावर जाणारे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले तेव्हाही मत विरोधातच.

नंतर बदलला. एकदम नाही, हळूहळू. घरं विकताना-भाड्याने देताना वर्णभेद करायला बंदी घालणाऱ्या 1968 च्या कायद्याला हो म्हणाला, 1983 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाच्या सुट्टीला हो म्हणाला, क्लॅनबद्दल मरेपर्यंत जाहीर माफी मागत राहिला. 2001 मध्ये टीव्हीवर एक घाणेरडा वर्णद्वेषी शब्द तोंडातून गेला आणि परत माफी मागावी लागली तेही खरं. 2008 मध्ये त्यानेच ओबामांना पाठिंबा दिला. पुण्य जास्त की पाप हा हिशोब ज्याचा त्याने करावा, मी माफीपेक्षा मतं मोजतो.

माझ्या मते त्याची खरी ताकद सिनेटच्या नियमात होती. सगळे नियम आणि जुने दाखले त्याला तोंडपाठ, इतके की 1971 मध्ये पक्षाच्या व्हिपपदासाठी (सिनेटमधला पक्षाचा दोन नंबरचा नेता) त्याने राष्ट्राध्यक्ष केनेडींचा धाकटा भाऊ टेड केनेडीला हरवलं, केनेडी घराण्याला! दोनदा बहुमताचा नेता झाला. बर्ड रूल आला 1985 मध्ये. सिनेटमध्ये बोलत राहून बिल अडवता येतं, एरवी ती चर्चा थांबवायला 60 मतं लागतात, पण बजेटशी जुळवून घ्यायच्या खास बिलाला चर्चेची मुदत ठरलेली असल्याने साध्या बहुमतावर काम होतं, मग जो तो आपलं घोडं त्यातच दामटायला लागला. बर्डने पाचर मारली की ज्याचा सरकारी खर्चाशी किंवा महसुलाशी संबंध नाही ते कलम हरकत घेऊन काढता येईल. 1993 मध्ये क्लिंटनना आरोग्य विधेयक याच वाटेने न्यायचं होतं, पण आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाला हा सरळ नाही म्हणाला.

पैशाच्या बाबतीत मात्र हा बाणेदारपणा कुठे जायचा कोण जाणे. 1989 मध्ये खर्चाला मंजुरी देणाऱ्या समितीचा अध्यक्ष झाला आणि आपल्या राज्यात रस्ते, पूल, इमारती यांची रांग लावली, त्यातल्या डझनांवर याचंच नाव. एफबीआयचं बोटांच्या ठशांचं केंद्र वॉशिंग्टनहून उचलून क्लार्क्सबर्गला नेलं. ग्रीन बँकची जुनी रेडिओ दुर्बीण 1988 मध्ये कोसळली तर नवीन 100 मीटरची उभी करून घेतली, तीही रॉबर्ट बर्ड दुर्बीण. लोक नावं ठेवायचे, याला लाज बिज काही नव्हती. एवढं ओतूनही ते राज्य गरीबच राहिलं, हे त्याच्या भक्तांनी बघावं.

इराक युद्धाला अधिकार देणाऱ्या ठरावावर 2002 मध्ये विरोधात 23 मतं पडली त्यात एक याचं, आणि पुढच्या फेब्रुवारीत सभागृह एवढं गप्प का म्हणून त्याने सगळ्यांना झापलं ते भाषण खरंच वाचण्यासारखं आहे. पण मला 24 डिसेंबर 2009 ची सकाळ जास्त आवडते. ओबामांचं आरोग्य विधेयक, अखेरचं मतदान, हा व्हीलचेअरवर, बाहेर कडाक्याची थंडी. आपलं मत द्यायची वेळ आली तेव्हा हे मित्र टेड केनेडीसाठी, असं म्हणून होकार दिला. ज्याला 1971 मध्ये पाडलं तोच केनेडी, चार महिन्यांपूर्वी वारलेला. गंमत म्हणजे मार्चमध्ये त्या आरोग्य विधेयकाचीच जोडदुरुस्ती बजेटच्या वाटेने आली तेव्हा विद्यार्थ्यांच्या मदतीबद्दलचे दोन तुकडे बर्ड रूलवर अडकले आणि बिल परत खालच्या सभागृहात पाठवावं लागलं.

आणि एक दुरुस्ती जरूर छापा. लेखात हा नियम अमेरिकेच्या राज्यघटनेतला म्हटलाय, तसं नाही. तो आधी तात्पुरता होता, 1990 मध्ये कायम होऊन 1974 च्या काँग्रेशनल बजेट अॅक्टमध्ये गेला, आणि 60 मतं असली की तो बाजूला ठेवता येतो.

आपला,
एक वाचक, सांगली