माले, त्या रात्रीच्या फोनबद्दल

खानापूर,
श्रावणातला दुसरा सोमवार

प्रिय माले,

रात्री पावणेदोनला तुझा फोन आला, "कुंदे, मला मेंदूज्वर झालाय" म्हणालीस, आणि मी "गप झोप, सकाळी बघू" म्हणून ठेवून दिला. त्याला चार दिवस झाले. सकाळचं ते फुलांचं चित्र यायचं तेही बंद. म्हणजे रुसलीस. राजहंसगडावरून उतरताना रुसली होतीस तशी, फक्त तेव्हा चूक तुझी होती (होतीच!). या वेळी माझी आहे. फोनवर तू मला धड बोलू देणार नाहीस, म्हणून लिहितेय.

इकडे सगळे बरे. गुडघा आहे तसाच. कालपासून लाईट नाही.

तुला काही गंभीर नाही हे मी आवाजावरून ठरवलं. पण आवाज ऐकणं म्हणजे तपासणं नव्हे. मी चार गोष्टी विचारायला हव्या होत्या. ताप किती, आकड्यात. तोंड मिटून हनुवटी छातीला टेकते का. दुखायला लागून किती तास झाले. आणि घरात दुसरं कोण जागं आहे, त्यांच्याकडे फोन दे. यातलं शेवटचं सगळ्यांत कामाचं, कारण मेंदूज्वरात, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आली की, माणूस असंबद्ध बोलतो, गुंगतो, चिडतो, आणि ते त्याचं त्याला कळत नाही. ते भावोजींना कळेल. तू मात्र त्यांना उठवायचं सोडून अंधारात फोन डोळ्यांशी धरून वाचत बसलीस, आणि वर उजेड सोसत नाही म्हणालीस. बाई, रात्री दीडला तो उजेड कुणालाच सोसत नाही.

आता मानेचं. मेंदूवरचं आवरण कवटीत संपत नाही, ते मणक्यातून खाली माकडहाडाच्या वरपर्यंत सलग जातं. त्याला सूज असली की हनुवटी खाली नेताना ते ताणलं जातं, आणि मानेमागचे स्नायू ती हालचाल आपोआप अडवतात. म्हणून त्या आजारात मान पुढे वाकत नाही. डावी-उजवीकडे बहुधा बऱ्यापैकी वळते. तुझं उलट होतं. उजवीकडे बघताना कळ, पुढे वाकवताना नुसती ओढ. ती मान उशीची आहे आणि आठवडाभर पेपर तपासल्याची आहे. शिवाय त्या रात्री तू ती किती वेळा वाकवून पाहिलीस ते खरं सांग. वीस? चाळीस? धडधाकट मान चाळीस वेळा ताणून बघ, ती आखडणारच. मग आखडली म्हणून परत बघायचं. ही चाचणी एकदा करायची, घड्याळात बघून वेळ लिहायची आणि चार तास मानेला हात लावायचा नाही.

फोनवर तुला ते गुडघ्याचंही सापडलं असणार. उताणं झोपवायचं, मांडी पोटाशी काटकोनात आणायची आणि गुडघा सरळ करायचा. दुखून सरळ होत नसेल तर संशय. ते केर्निगचं लक्षण. दुसरं ब्रुडझिन्स्कीचं, झोपलेल्याची मान उचलली की गुडघे आपोआप वर येतात. दिसली तर मोलाची, पण न दिसण्याला काही किंमत नाही. २००२ साली छापून आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात मेंदूज्वराचा संशय असलेल्या २९७ मोठ्या माणसांची तपासणी झाली. पाठीतून सुईनं काढलेल्या पाण्याच्या तपासणीत ज्यांना खरंच आवरणाची सूज निघाली, त्यांच्यातल्या शंभरात पाचांनाच यातलं एकेक लक्षण होतं. मान आखडलेली शंभरात तीस. आणि आपल्या वयाला गुडघा सरळ करताना मांडीमागे ताण बसतो तो स्नायूंचा. तो केर्निग नव्हे, पन्नाशी.

जपानी डॉक्टरांनी १९९१ साली सांगितलेली एक युक्ती आहे. सेकंदाला दोन-तीन वेळा "नाही नाही" अशी मान जोरात हलवायची, डोकेदुखी वाढली तर संशय. पुढे तीही भरवशाची नाही असंच दिसलं. अंगात आल्यासारखी मान हलवून उगीच चक्कर आणून घेऊ नकोस.

पोटावरच्या लाल ठिपक्याला तू सगळ्यांत जास्त घाबरलीस. पेल्याची चाचणी तू केलीस, पण स्टीलच्या पेल्यानं केलीस! माले, आरपार दिसायला नको? शोकेसमधला काचेचा काढ, कडेची सपाट बाजू ठिपक्यावर दाब आणि काचेतून बघ. साधं पुरळ दाबल्यावर फिकं होतं. रक्त कातडीखाली उतरलेलं असेल तर ठिपका तसाच राहतो. पण आपल्या वयात पोटावर, छातीवर मोहरीएवढे लालभडक गुळगुळीत तीळ येतात, तेही दाबून जात नाहीत, आणि ते वर्षानुवर्षं तिथंच असतात. तुझा तो एक ठिपका, उंचवटा असलेला, दहा वर्षांपूर्वी मंगळागौरीला मीच दाखवला होता. भीतीचे ठिपके वेगळे, सपाट, टाचणीच्या टोकाएवढे, आणि तासातासाला वाढणारे, मग जांभळे डाग होणारे. सावळ्या कातडीवर ते लवकर दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू आणि तोंडातला टाळा बघायचा. जोराची उलटी किंवा खोकला झाल्यावर तोंडावर-गळ्यावर असे ठिपके येऊ शकतात, पण तापात हे आपलं आपण ठरवायचं नाही. आणि ठिपक्यांची वाट बघत बसायचं नाही, ते पुष्कळांना येतच नाहीत. रक्तात जंतू पसरत असतील तर त्याआधी हातपाय गार पडतात, पोटऱ्या दुखतात, रंग फिकट-निळसर होतो, हे मुलांत विशेष.

बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या म्हणालीस ना, त्या भीतीच्या. धापा टाकल्यासारखा श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मुंग्या येतात. कुणाशी तरी पाच मिनिटं बोललं की जातात. बोलायलाच तर तू फोन केला होतास. असो.

मग बघायचं काय? २००४ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी मोठ्या माणसांना जंतूंमुळे झालेल्या मेंदूज्वराच्या ६९६ प्रसंगांची नोंद छापली. ताप, आखडलेली मान आणि बदललेली शुद्ध हे तिन्ही एकदम फक्त ४४ टक्क्यांत होतं. पण या तिन्हींत डोकेदुखी मिळवली, तर चारातली निदान दोन ९५ टक्क्यांत होती. तेव्हा एकट्या मानेवर ठरवू नकोस, जोडी बघ. तुझ्याकडे डोकं होतं आणि पेपर तपासून आखडलेली मान होती. ताप काखेत पूर्ण वेळ धरून ९८.४. गोळी घेतली होतीस का, हे विचारायचं मी विसरले, आणि तिथंच फसगत होते. पॅरासिटामॉल घेऊन दोन तासांनी मोजलं तर ताप उतरलेलाच दिसतो. गोळीची वेळ आणि तापाचा आकडा एकाच कागदावर लिहायचा.

घरी बसून रोगाचं नाव काढता येत नाही, माले. मलाही येत नाही. घरी एवढंच ठरवता येतं की आत्ता निघायचं की उजाडल्यावर. ताप आणि कधी नव्हे इतकं डोकं दुखतंय, आणि सोबत मान वाकत नाही, की उलट्या थांबत नाहीत, की बडबड, गुंगी, झटका, न जाणारे ठिपके, यातलं एकही असलं तर आत्ता. जंतूंचा मेंदूज्वर तासांच्या हिशेबानं वाढतो, एक-दोन दिवसांत माणूस ओळखू येत नाही. विषाणूंचा बहुतेकदा सौम्य, आठ-दहा दिवसांत उतरतो, पण पहिल्या रात्री दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून थांबायचं नाही. निपाणीहून बेळगाव पाऊणशे किलोमीटर, कोल्हापूर चाळीसएक. रात्री दोनला सीमाप्रश्न काढू नका, जवळ पडेल तिकडे जा, १०८ लावा. इकडच्या बाजूला आलात आणि ड्युटीवरचा डॉक्टर मराठी नसला, तर 'तलेनोवु' म्हणजे डोकेदुखी आणि 'कुत्तिगे' म्हणजे मान, एवढं भावोजींना पाठ करायला सांग. कन्नडाच्या तासाला आपण दोघी काय करायचो ते त्यांना सांगू नकोस.

निघण्याआधी मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या आणून बघायच्या नाहीत. अर्धवट डोसानं जंतू मरत नाहीत, पण तपासणीत उगवतही नाहीत, मग कुठला जंतू ते कळतच नाही. दवाखान्यात उलट आहे. पाणी काढायला उशीर होणार असेल, तर ते रक्त काढून घेऊन लगेच शिरेतून औषध सुरू करतात, आणि पहिल्या डोसाच्या आधी किंवा बरोबर स्टिरॉइड देतात, न्यूमोकॉकस नावाचा जंतू असेल तर कान वाचावे म्हणून. तिथं "आधी रिपोर्ट दाखवा, मग इंजेक्शन" असा वाद घालायचा नाही.

आणि पाठीतलं पाणी काढू द्यायचं. यावरून वॉर्डात जेवढी रडारड होते तेवढी ऑपरेशनवरूनही होत नाही. "पाणी काढलं की माणूस लुळा होतो" हे तुझी सासूसुद्धा शपथेवर सांगेल. नीट ऐक. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्यामध्ये जाते. कमरेवर दोन्ही हात ठेवलेस की हाडाच्या ज्या कडा लागतात, त्या रेषेला चौथा मणका. तिथं आत नुसते धागे पाण्यात सुटे तरंगत असतात, सुई लागली तर बाजूला सरकतात. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, मांजरासारखं वळून पडायचं आणि हलायचं नाही, एवढंच रोग्याचं काम. मोठ्या माणसात हे पाणी एकूण दीडशे मिलीलीटर, आणि शरीर दिवसाला पाचशेच्या आसपास नवं करतं. काढतात ते काही मिलीलीटर, तीन-चार छोट्या नळ्यांत. नंतर उठून बसलं की डोकं दुखतं, पडलं की थांबतं, असं काहींना काही दिवस होतं.

ते पाणी निर्मळ असायला हवं, नळाच्या पाण्यासारखं. पेजेच्या निवळीसारखं गढूळ आलं तर रिपोर्टची वाटच बघावी लागत नाही. पांढऱ्या पेशी घन मिलिमीटरला पाचपर्यंत चालतात; जंतू असले तर शेकड्यांनी, हजारांनी. साखर रक्तातल्या साखरेच्या दोनतृतीयांश असते, जंतू असले की पार खाली जाते. म्हणून त्याच वेळी बोटातून रक्ताची साखरही बघतात, आणि नातेवाईक म्हणतात, "आमच्याकडं कुणाला शुगर नाही हो."

तुला सुली आठवली होती, हे मला फोन ठेवल्यावर कळलं. तू नाव घेतलं नाहीस, मीही घेतलं नाही. तिचं असं एका रात्रीत नव्हतंच. तीन आठवडे बारीक ताप, कपाळ दुखतंय, चिडचिड, मग एकाचे दोन दिसायला लागले, आणि सगळे टायफॉईड टायफॉईड करत बसले. क्षयाचा मेंदूज्वर असाच हळू येतो. त्याचं पाणी नळीत उभं ठेवलं की आत कोळ्याच्या जाळ्यासारखा पदर धरतो. औषध नऊ महिने ते वर्षभर. तेव्हा घाईचं लक्षण नाही म्हणून निवांत राहायचं असंही नाही. दोन आठवड्यांच्यावर ताप आणि डोकेदुखी रोज असेल तर छातीचा फोटो आणि पाणी, दोन्ही बघून घ्यायचं. तुझं तीन दिवसांचं होतं, बिनतापाचं. तरी तुझी भीती खोटी नव्हती, तेवढं मला त्या रात्री म्हणायला हवं होतं.

तुझ्या भावाला सांग, दोडामार्गाकडच्या काजूत राबणाऱ्या कुणाला डिसेंबर ते मेमध्ये ताप आला तर डॉक्टरला "रानात गोचीड चावलं असेल" हे आपणहून सांगायचं. २०१६ साली त्या भागात माकडताप निघाला होता. तो ताप उतरून पुन्हा येतो आणि दुसऱ्या फेरीत मेंदूकडे जाऊ शकतो.

अभिनंदन राहिलंच! सुनेला सातवा ना? स्लॅब पडला का? भावोजींचं बीपी? पिंट्याला पुण्यात खोली मिळाली का? सगळं कळव. बाळ आलं की मानेवर भरवसा ठेवू नका, तान्ह्याची मान आखडतच नाही पुष्कळदा. टाळू फुगलेली, दूध तोडलेलं, अंग लुळं, कर्कश एकसुरी रडणं, किंवा ताप नसून उलट अंग गार, यातलं काही दिसलं तर लगेच निघायचं. लशी चुकवू नका: क्षयावरची बीसीजी जन्मतः, पाच रोगांवरची पेंटाव्हॅलंट सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, न्यूमोकॉकलची सहा, चौदा आणि मग नवव्या महिन्यात. सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. कार्ड हरवू नका, तुझ्या घरात कागद हरवतात.

रात्री पावणेदोनला परत वाटलं तर परत फोन कर. आधी भावोजींना उठव, मग मला.

तुझी,
कुंदा

ता. क. गणपतीला येताना ते काचेचे पेले घेऊन ये. सहातले दोन माझे आहेत, विसरले नाही मी.