कोंबड्यांची पहाट साडेतीनला

मानेवाडा, नागपूर
२४ डिसेंबर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण आळस, दुसरं काही सांगत नाही. पण तू जे विचारलंस त्यात मी स्वतः दोन हिवाळे हात पोळून घेतले आहेत, म्हणून आज बैठक मारून लिहितो.

थंडीमुळे कोंबड्यांची अंडी बंद झाली, म्हणतोस. काहून बे, थंडीला कशाला बोल लावतोस? कोंबडी बारा महिने पिसांची गोधडी पांघरून फिरते. तिचं अडतं ते उजेडावाचून. तिच्या मेंदूत, कवटीच्या आत, उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात. डोळ्यांचा मार्ग न धरताही उजेड कवटीतून झिरपून तिथवर पोचतो, त्यातही तांबूस उजेड जास्त. दिवस १४ तासांच्या आसपास गेला की तिचं शरीर अंड्याचं काम जोरात धरतं, आखडला की सैल सोडतं. आज इथे सूर्य पावणेसातला उगवला आणि पावणेसहाच्या आत मावळलाही. म्हणजे जेमतेम ११ तास. आणि मजा बघ, जूनमधल्या सगळ्यात मोठ्या दिवशीसुद्धा नागपुरात साडेतेरा तास भरत नाहीत.

आता माझा पराक्रम ऐक. दोन वर्षांपूर्वी माझ्या सात कोंबड्यांचा दुसरा हिवाळा होता. पहिल्या हिवाळ्यात त्या नव्या तलंगा होत्या, नुकत्याच अंड्यावर आलेल्या, त्यामुळे जादा उजेडासाठी बल्ब न लावताही बऱ्या चालल्या. दुसऱ्या वर्षी दिवाळी संपता संपता टोपली रिकामी. मी पडवीतला जुना शंभर वॅटचा बल्ब काढून खुराड्यात टांगला. संध्याकाळी लावायचा, रात्री दहाला झोपायला जाताना बटण बंद. सोपं वाटलं. पण संध्याकाळचा उजेड हळूहळू विरतो म्हणून तर कोंबड्या वेळेवर झोपायच्या दांडीवर चढतात. मी खटकन अंधार केला तेव्हा त्या खाली चरत होत्या, आणि अंधारात कोंबडीला जवळजवळ काहीच दिसत नाही. सकाळी बघतो तर चार जणी थंडगार फरशीवर एकमेकींना चिकटून बसलेल्या. त्यात बल्ब इतका लख्ख, की आठवड्याभरात एकमेकींची पिसं टोचायला लागल्या. तणसाच्या ढिगावर तो तापलेला बल्ब लोंबत होता हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

मग शहाणा झालो. बर्डीच्या बाजारातून फिरत्या तबकडीचा टायमर आणला आणि उजेड पहाटेकडे नेला. पहाटे बल्ब लागतो, सूर्य येऊन त्याची जागा घेतो, संध्याकाळ निसर्गाची निसर्गाला. हे जमलं, अंडीही सुरू झाली, आणि एक भानगडही. माझा कोंबडा पहाटे साडेतीनला आरवू लागला. पलीकडचे काका तीन दिवस गप्प बसले, चौथ्या दिवशी फाटकात उभे. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, तो पिल्लांसाठी लागतो. शेवटी त्याची रवानगी उमरेडला सासुरवाडीत केली. पुढे त्याचं काय झालं ते मी विचारलं नाही, पण सासरेबुवांचा सावजी रस्सा तुला ठाऊक आहे.

खरा घोळ जानेवारीत झाला. लाईट गेली की तबकडीचा टायमरही झोपतो. तासभर लाईट गेली की तो तासभर मागे. आम्ही लग्नाला यवतमाळला गेलो होतो, परत आल्यावरही माझं लक्ष नव्हतं. लक्षात आलं तेव्हा साडेतीनचा बल्ब साडेसहाला लागत होता. कोंबड्यांच्या हिशेबी एका झटक्यात तीन तासांचा दिवस गायब. दोन आठवड्यांत पिसं झडायला लागली. बाहेर पारा दहाच्या खाली आणि माझ्या कोंबड्यांच्या माना उघड्या! खुराड्यात उशी फाटल्यासारखी पिसं. माय दारात उभी राहून म्हणाली, "अंडी मोजायची होती ना तुले? आता पिसं मोज."

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे. बल्ब लावायचा तर रोज, मिनिटाला मिनिट, नाहीतर हात लावू नको. किती लख्ख आहे याला फार किंमत नाही. खुराड्यात दांडीच्या उंचीवर डोकं नेऊन पेपर वाचता आला की पुरे. माझं खुराडं सहा बाय चार फुटांचं, त्याला ५ वॅटचा पिवळसर एलईडी भरपूर होतो. रोजचे साडेतीन तास धरले तरी महिन्याला अर्ध्या युनिटच्या आसपास. टायमर आता बॅटरीवाला डिजिटल आहे आणि खुराड्याची लाईन घरच्या इन्व्हर्टरवर. वायर पाइपातून ने, उंदीर कुरतडतात.

माझं वर्ष आता सणांवर चालतं. पोळ्याच्या सुमारास बल्ब थोडा थोडा कमी करत बंद करतो. पिसं झडायची ती तेव्हाच झडू देतो, हवा ऊबदार असते. नवी पिसं यायला दोन-तीन महिने लागतात, तोवर अंडं मागायचं नाही. भुईमुगाची ढेप जरा जास्त द्यायची. दिवाळीनंतर दर आठवड्याला अर्धा तास पहाटेच्या बाजूने वाढवतो. काल-परवा साडेतीनवर पोचलो, म्हणजे एकूण १४ तास. यापुढे नेणार नाही. चोवीस तास बल्ब ठेवणारेही भेटले मला, पण कोंबडीलाही रात्र लागते. आता दिवस तिळातिळाने वाढेल, पण बल्ब मी मे-जूनमध्येही ठेवतो. तुला वाटेल, ४५ डिग्रीत कशाला? दुपारी त्या चोच वासून धापा टाकतात, दाण्याला तोंड लावत नाहीत आणि अंड्याचं कवच पातळ होतं. पहाटे गारव्यात उजेड असला की निदान दोन घास पोटात जातात.

उजेड फक्त निरोप देतो, माल खाण्यातूनच येतो. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेव, जिला लागेल ती खाईल. एका अंड्याचं कवच चढायला जवळपास २० तास लागतात, त्यासाठी चुना कुठून आणेल ती?

तुझ्या पाचांपैकी तीन बंद आहेत ना? बल्ब आणण्याआधी त्यांना एकेक करून हातात घे. पोटाखाली पिसं काढून फुगून बसली असेल, जवळ गेलं की गुरगुरत असेल तर ती खुडूक आहे, म्हणजे अंडी उबवायला बसली आहे, तिला बल्बाचा उपयोग नाही. अंगावर नव्या पिसांचे काटे दिसले तर महिना-दोन महिने थांब. शेपटीखालची दोन हाडं चाचप. मध्ये दोन-तीन बोटं मावली आणि तुरा लालभडक असला तर बाई अंडी देतेय, तू फक्त जागा शोध. माझी काळी महिनाभर संत्र्याच्या झाडामागे देत होती आणि मुंगूस नाश्ता करत होतं. पाच महिन्यांच्या आतली तलंग त्यांच्यात असेल तर या वर्षी बल्ब लावूच नको, अंग पुरतं भरायच्या आत अंड्यावर आली की अंडं देताना आतलं अंग बाहेर येण्याची भीती असते.

लिहिता लिहिता साडेतीन वाजले बघ. मागे टायमर टक् झाला. तांबडी उतरली वाटतं, पाण्याचं भांडं वाजलं. मायही उठली, स्वयंपाकघरात चहाचं आधण चढतंय.

तिन्ही कोंबड्या चाचपून बघ आणि कुठली काय निघाली ते कळव. वहिनींना नमस्कार, पोट्ट्यांना आशीर्वाद.

तुझाच,
शेवटच्या बाकावरचा