सही चालतेय तोवर

सांगली,
१२ जानेवारी २०२६

प्रिय कुमे,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. भाऊजींना पार्किन्सन्स निघाला हे वाचलं आणि पत्र तसंच फडताळात ठेवून दिलं, संध्याकाळपर्यंत हात लावला नाही. धीर द्यायला बाकीचे आहेतच. मी कागदपत्रांचंच लिहिणार आहे, रागावू नकोस. भाऊजींचा हात थरथरतो, पण डोकं लख्ख आहे. आमच्याकडे ह्यांचा हात शाबूत राहिला आणि डिमेन्शियानं डोकं गेलं. म्हणून घाईनं लिहितेय.

आमचं घर तुला माहीत आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आता ह्यांना दवाखान्यात न्यायचं म्हणजे ह्यांना सांभाळायला ठेवलेले मामा पुढे, मी मागे, आणि प्रत्येक वळणावर हे विचारणार, "आपण कुणाकडे आलोय?" दीड वर्षापूर्वी ठरवलं की हा फ्लॅट विकून तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायच्या. गिऱ्हाईकही चांगलं मिळालं. फ्लॅट ह्यांच्या एकट्याच्या नावावर, पण मी निर्धास्त होते. रिटायर झाल्यावर ह्यांनी हौसेनं मला मुखत्यारपत्र करून दिलं होतं, चांगलं नोंदवलेलं. वकीलबाईंनी ते वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "काकू, काकांची समज गेली तेव्हाच हे पत्रही गेलं." १८७२च्या करार कायद्याचं २०१ कलम. अधिकार देणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की मुखत्याराचा अधिकार संपला. ज्या दिवसासाठी कागद केला, नेमका त्याच दिवशी तो रद्दी!

एजंट म्हणाला, "काकांचा अंगठा घेऊन टाका, कोण विचारतंय?" मी त्याला चहासुद्धा दिला नाही.

डिमेन्शियाच्या माणसाला पालक नेमायची सरळ वाट आपल्या कायद्यात नाही, त्यामुळे उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा लागतो. डॉक्टरांचा अहवाल, मुलांची संमती, मालमत्तेची यादी. गेल्या ऑगस्टपासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळे मुंबईच्या खेपा वाचल्या एवढंच. गिऱ्हाईक केव्हाच गेलं. आम्ही अजून तिसऱ्या मजल्यावरच आहोत.

तेव्हा तू काय कर, भाऊजींना समोर बसव आणि तुमची घडी आत्ताच घाल. बँकेतली ठेव न् ठेव दोघांच्या नावावर, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो, असं लिहून घे. आमची पेन्शन अशीच जोडखात्यात येते म्हणून घर चाललंय. नाहीतर ह्यांच्या एकट्याच्या नावच्या दोन एफडी आहेत, त्यांच्या पावत्या मी नुसत्या बघत बसते. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजना नवरा-बायकोला वेगवेगळी काढता येते, प्रत्येकी तीस लाखांपर्यंत. सगळं त्यांच्याच नावावर घालू नका, निम्मं तुझ्या नावावर असू दे.

नॉमिनी लावलाय म्हणून गप्प बसू नकोस, मीही तशीच बसले होते. नॉमिनी म्हणजे राखणदार, मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीतसुद्धा सुप्रीम कोर्टानं २०२३च्या डिसेंबरात तेच सांगितलं. मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलगे, मुली आणि सासूबाई हयात असतील तर त्या, सगळे सारखे वाटेकरी. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, साधा कागद चालतो. दोन साक्षीदार मात्र हवेत, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांच्यातले नकोत. नोंदणी सक्तीची नाही, पण करा. आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडून भाऊजी पूर्ण शुद्धीत असल्याचा दाखला घ्या. दुसऱ्या दिवशीचा नको, त्याच दिवशीचा.

घर आत्ताच मुलाच्या नावावर करावं का, असं तू विचारलंस. मला ते पटत नाही. तो गुणी आहे, मी त्याचं बारसं जेवलेय. तरीपण बक्षीसपत्र करायचंच झालं तर 'दोघांना शेवटपर्यंत सांभाळीन' ही अट त्यातच लिहून घे. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं २३ कलम मदतीला येतं, पण अशी अट असेल तेव्हा. तोंडी प्रेमावर वाद घालत बसावं लागतं.

एक अवघड गोष्ट. नळ्या, व्हेंटिलेटर नको असेल तर तसं आधीच लिहून ठेवता येतं. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात, २०२३पासून ते सोपं झालंय. ह्यांना विचारायचं माझं राहूनच गेलं. आता ते माझ्यावर आणि मुलांवर आलं आहे, आणि आमच्यात त्यावरून एकदा मोठ्यानं बोलणं झालंय. जास्त लिहीत नाही.

पैशाचं म्हणशील तर दिवसपाळीच्या मामांना रोजचे सातशे देते, रात्रपाळी माझी. सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड काढलंय, पाच लाखांचं. पण ते आणि मेडिक्लेम दोन्ही इस्पितळात पडल्यावर. घरात माणूस ठेवला त्याचे पैसे कुणी देत नाही, ते मुद्दलातूनच जातात. जुन्या पद्धतीनं कर भरत असाल तर आयकराच्या ८० डीडीबी कलमाखाली ठरावीक आजारांच्या उपचारखर्चावर ज्येष्ठांना लाखापर्यंतची वजावट आहे, पार्किन्सन्स त्या यादीत येतो, पण चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असल्याचं तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं.

ह्यांनी परवा माझ्या किराणाच्या यादीखाली सही केली. अगदी ऑफिसातल्यासारखी, खाली दोन टिंबं आणि लांब रेघ. गूळ, तीळ, साबण, आणि खाली कार्यकारी अभियंता. मी ती यादी वाण्याकडे दिली नाही, दुसरी लिहून काढली.

दुपारी दोननंतर फोन कर, हे तेव्हा झोपतात. तिळगूळ वेगळ्या पुडक्यातून पाठवतेय.

तुझीच,
शालू

ता. क. पार्किन्सन्समध्ये अक्षर बारीक होत जातं म्हणे, मग बँक 'सही जुळत नाही' म्हणते. आताच जाऊन नवीन नमुना सही देऊन ये. पुढे तेही जमलं नाही तर अंगठा चालतो, अगदी पायाचासुद्धा, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा.