मधल्या सुट्टीत वर्ग रिकामे करा

महोदय,

मुलांच्या चष्म्याचा विषय निघाला की सगळे मोबाइलला दोष देऊन मोकळे होतात. तैवानमध्ये मात्र स्मार्टफोन येण्याआधीपासून मुलांना मायनस नंबर (लांबचे धूसर दिसणे) लागत होते. २००१ मध्ये तिथल्या प्राथमिक शाळांतली सुमारे ३५ टक्के मुले कमी नजरेची होती, २०११ मध्ये ५० टक्के. २०१० पासून शाळांनी मुलांना रोज दोन तास उघड्यावर ठेवायला सुरुवात केली आणि २०१५ पर्यंत हे प्रमाण ४६ टक्क्यांवर उतरले. चीनमधल्या ग्वांगझौत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा बाहेर काढले. तीन वर्षांत त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला, इतर शाळांत ३९.५ टक्के मुलांना.

मायनस नंबरात डोळ्याचा गोळा लांब वाढतो. एक मिलिमीटर जादा लांबी म्हणजे साधारण अडीच ते तीन नंबर, आणि वाढलेली लांबी परत येत नाही. सहाच्या पुढे नंबर गेला की डोळ्याच्या आतला पडदा सरकण्याचा धोका बराच वाढतो. भरपूर उजेडात पडद्यातले डोपामिन हे रसायन डोळ्याची ही वाढ आवरते, असे मानले जाते. वर्गात उजेड असतो ३००-५०० लक्स (उजेड मोजायचे एकक). बाहेर झाडाच्या सावलीतही काही हजार. म्हणजे मुलांना उन्हात तापवायची गरज नाही, विदर्भातल्या उन्हाळ्यात तर नाहीच.

आपल्याकडे परिपाठाची २० मिनिटे, मधल्या सुट्टीची ३० आणि खेळाचा ३५ मिनिटांचा तास मैदानावर गेला, तर ८५ मिनिटे शाळेतच भरतात. पण परिपाठ वर्गातल्या स्पीकरवर होतो, डबे बाकावरच उघडतात आणि परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला जातो. याची खरी झळ पहिली-दुसरीच्या मुलांना बसते, कारण उजेडाचा उपयोग नंबर लागण्याआधी जास्त होतो.

नंबर लागलाच, तर लहान मुलांची तपासणी बाहुली मोठी करणारे थेंब घालूनच व्हावी. थेंबांशिवाय नुसत्या कॉम्प्युटरवर नंबर काढताना मूल डोळा ताणते आणि नसलेला मायनस दिसतो. ‘कमी नंबर दिला की वाढत नाही’ हा समजही चुकीचा आहे. पूर्ण नंबरच द्यावा.

मुख्याध्यापकांना विनंती, जूनचे वेळापत्रक लावताना मधल्या सुट्टीत वर्गांना कड्या घालायचे ठरवा आणि खेळाचा तास दुसऱ्या विषयाला देऊ नका.

– एक नेत्रतज्ज्ञ, पुणे